तीन फुटी टाकी, क्लॅमची हौस आणि लाइटचा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी समुद्री जीवांची, खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी (९० बाय ४५ बाय ५० सेंटीमीटर), आठ महिने नीट चाललेली. आत झोआ, मशरूम आणि एक लेदर, म्हणजे सगळी मऊ अंगाची कोरल (प्रवाळ). वर टाकीबरोबर आलेली साधी एलईडी पट्टी. मित्र त्याचं जुनं २५० वॅटचं मेटल हॅलाइड फुकट देतोय, दुकानदार १६५ वॅटचा एलईडीचा काळा डबा घ्या म्हणतोय, आणि कुणीतरी सांगितलंय की टी-५ ट्यूबशिवाय कोरलला रंगच येत नाही. पुढच्या वर्षी ॲक्रोपोरा हे फांद्यांचं हार्ड कोरल आणि एक क्लॅम, म्हणजे मोठा समुद्री शिंपला, आणायचा बेत आहे. तर एकूण किती वॅट लागतील?

वॅटचा हिशेब आधी बाजूला ठेवूया. इतक्या लिटरला इतके वॅट हा ठोकताळा ट्यूबच्या काळातला. तेव्हा सगळ्यांकडे साधारण एकाच जातीच्या ट्यूब असायच्या, म्हणून तो चालून जायचा. आज तेवढ्याच वॅटचे दोन एलईडी घेतले तरी टाकीच्या तळाशी पोचणारा प्रकाश एकाचा दुसऱ्याच्या दुप्पट भरू शकतो. चिप कुठली, भिंग किती अंशांचं, दिवा पाण्यापासून किती उंच, काच किती स्वच्छ, यावर सगळं ठरतं. कोरल जिथं बसलंय तिथं किती प्रकाश पडतो, एवढीच गोष्ट त्याच्या कामाची आहे.

आपल्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आठवा. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून आत येत येत देवीपर्यंत पोचतात. सूर्य तोच असतो. पण वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं, हवेत धूळ किंवा बाष्प असलं, की किरण चरणांवरूनच मागे फिरतात. म्हणून अभ्यासक मंडळी महाद्वारापासून गाभाऱ्यापर्यंत टप्प्याटप्प्यावर प्रकाश मोजत जातात. टाकीतही मोजायचं ते तसंच, दिव्याखाली न मोजता जीव बसलाय तिथं.

मी दुबईत अकरा वर्षं लोकांच्या घरच्या रीफ टाक्या (प्रवाळाच्या टाक्या) सांभाळायचं काम केलं. परत येऊन आता बारा वर्षं झाली. क्लॅमचा माझा सगळा अनुभव तिकडचा आहे, इथला नाही. याचं कारण आधी सांगतो, कारण त्यावर तुमची लाइटची खरेदीच बदलणार आहे.

वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी सगळी हार्ड कोरल येतात. म्हणजे ॲक्रोपोराही आलं, टॉर्च आणि हॅमरही आलं. क्लॅमपैकी ट्रायडॅक्ना मॅक्सिमा, ट्रायडॅक्ना स्क्वामोसा आणि हिप्पोपस हिप्पोपस त्याच अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. बाकीचे क्लॅम साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या यादीतले परदेशी जिवंत प्राणी कागदपत्रांशिवाय आणि नोंदणीशिवाय बाळगता येत नाहीत. मुंबईहून रात्रीच्या बसने थर्माकोलच्या खोक्यात येणारा क्लॅम कुठून आला, याचं उत्तर विकणारा देत नसेल तर तो घेऊ नका. मी हे कायद्याच्या भीतीपोटी सांगत नाही. लक्षद्वीपच्या खडकावरून उपटलेला मॅक्सिमा आपल्या टाकीत दोन महिन्यांत मरतो आणि खडकावरची त्याची जागा रिकामीच राहते. मशरूम, झोआ, लेदर, झेनिया, कोल्ट यांतलं एकही हार्ड कोरल नाही. त्यांच्यावरच एक टाकी आयुष्यभर फुलवता येते, आणि त्यांना लागणारा प्रकाश ॲक्रोपोराच्या निम्म्याहूनही कमी.

आता मोजमापाकडे. कोरलच्या आणि क्लॅमच्या मांसात एकपेशीय शैवाल राहतं, झूझॅन्थेली. ते प्रकाशावर साखर बनवतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. शैवालाला वापरता येणारा प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटरचा. तो मोजायचं माप म्हणजे पार: दर चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल फोटॉन पडतात. दुपारच्या कडक उन्हात समुद्राच्या पृष्ठावर हा आकडा २००० च्या आसपास जातो. घरच्या टाकीत त्याची काही गरज नसते. माझ्या हाताखालून गेलेल्या टाक्यांत मशरूम ३० ते ८० वर खुलत, झोआ आणि लेदर ७० ते १५० वर. मांसल हार्ड कोरलना ८० ते १५० पुरे व्हायचे, ॲक्रोपोराला २०० ते ३५०. क्लॅममध्ये स्क्वामोसा आणि डेरासा १५० ते २५० वर वर्षानुवर्षं राहिले. मॅक्सिमा आणि क्रोशिया मात्र २५० च्या खाली टिकले नाहीत, त्यांना ३०० ते ४०० हवेत. हे आकडे म्हणजे रेघ नव्हे, पट्टा आहे. खालच्या टोकापासून सुरुवात करायची.

प्रकाश वाढवत नेला की प्रकाशसंश्लेषण वाढतं, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढचा प्रकाश शैवालाच्या कामाचा नसतो, उलट त्याला इजा करतो. मग कोरल ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. आपल्याकडच्या बहुतेक टाक्यांत लाइट कमी पडून कोरल गेलेलं मी फार थोडं बघितलं. नवा दिवा पहिल्याच दिवशी शंभर टक्क्यांवर लावल्यानं गेलेलं पुष्कळ बघितलं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात उतरला असाल तर तिथलं गढूळ पाणी ठाऊक असेल. त्या अंधुक प्रकाशातही प्रवाळ आहे आणि १९८७ पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे. सगळ्या कोरलला मालदीवचं दुपारचं ऊन लागतं हा समज तिथं गळून पडतो.

मोबाइलच्या लक्स ॲपवर भिस्त ठेवू नका. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. आपला डोळा हिरव्या-पिवळ्याला तेज, निळ्याला मंद. रीफ लाइटचा बहुतेक प्रकाश निळा, म्हणून लक्स कमी दाखवतो, माणूस दिवा वाढवतो आणि कोरल भाजतं. लक्समीटरचा एक उपयोग मात्र जरूर करा. दर महिन्याला त्याच दिव्याखाली, त्याच जागी, त्याच सेटिंगवर आकडा घेऊन वहीत लिहा. दिवा म्हातारा होतोय का, हे त्यावरून कळतं. खरं मोजायला पाण्यात बुडणारा क्वांटम मीटर लागतो, आणि तो महाग आहे. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीतल्या पाच-सहा टाकीवाल्यांनी मिळून एक घ्यावा. वर्षातून दोनदा मोजणी झाली तरी पुरते.

मोजणी अशी करा. टाकीच्या लांबीचे पाच भाग, रुंदीचे तीन, आणि खोलीचे तीन टप्पे: खडकाचा माथा, मधली पातळी, वाळू. प्रत्येक जागेचा आकडा कागदावर. १६५ वॅटच्या काळ्या डब्याखाली हे केलंत तर चकित व्हाल. ९० अंशांच्या भिंगामुळे बरोबर मध्याखाली प्रकाश भरमसाट आणि दोन्ही टोकांना त्याच्या निम्म्याहून कमी. हा दिव्याचा दोष म्हणून बघू नका, नकाशा म्हणून बघा. मशरूम टोकांना, खडकाच्या सावलीत. झोआ मधल्या पट्ट्यात. लेदर वर, मधोमध. तुमच्या टाकीला तीन-चार वेगवेगळे प्रदेश आहेत, आणि कुणाला कुठं वसवायचं हे हा कागद सांगेल.

क्लॅमबद्दल विचारलंयत, तर थोडं मनापासून लिहितो. हा प्राणी मला सगळ्यात प्रिय. त्याच्या मँटलवरची, म्हणजे शिंपल्यातून बाहेर पसरणाऱ्या मांसल पडद्यावरची, ती निळी-हिरवी झळाळी म्हणजे नुसता रंग नाही. तिथं इरिडोसाइट नावाच्या पेशी असतात. अमेरिकेतल्या ॲलिसन स्वीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिलं, की या पेशी कामाचा प्रकाश आत खोलवर पसरवतात, आणि आत शैवालाच्या पेशी उभ्या खांबांसारख्या रचलेल्या असतात. वरून येणारं प्रखर ऊन खांबांच्या अंगावर सौम्य होऊन विखुरतं. म्हणून कोरल भाजेल अशा उन्हात क्लॅम मजेत राहतो. आणि म्हणूनच क्लॅमला प्रकाश वरूनच हवा. समोरच्या काचेकडून तिरपा येणारा उजेड त्याच्या कामाचा नाही. त्याची झळाळीही वरूनच खरी दिसते. टाकी बसवतानाच उंची अशी ठेवा की वाकून पाण्यात बघता येईल.

मँटलच्या कडेला शेकडो बारीक डोळे असतात. हाताची सावली पडली की क्लॅम चटकन आखडतो. निरोगी क्लॅमची ही पहिली खूण. सावली पडूनही तो ढिम्म राहिला तर काळजी करायची. प्रकाश कमी पडला की मँटल शिंपल्याच्या बाहेर ताणून ताणून पसरतो. नवखा माणूस खूश होतो, किती छान उघडलाय म्हणतो, पण ते भुकेचं लक्षण असतं. प्रकाश फार झाला तर मँटल आत ओढलेला राहतो, मधला भाग फिकट होत जातो. दुबईत एका घरी दोन फूट खोल टाकीत वाळूवर ठेवलेला मॅक्सिमा चार महिने ठीक दिसत होता आणि पाचव्या महिन्यात पंधरवड्यात गेला. खाली मोजलं तर पार ११० होता. चार महिने तो साठवणीवर जगला. क्लॅम उपासमार लवकर दाखवत नाही, दाखवतो तेव्हा उशीर झालेला असतो. तेव्हापासून मोजल्याशिवाय एकही क्लॅम मी ठेवला नाही.

आणि तो वाळूवर ठेवला होता ही दुसरी चूक. मॅक्सिमा आणि क्रोशिया खडकावरचे, स्क्वामोसा आणि डेरासा वाळूवर राहू शकणारे. बुडाशी बिसस नावाच्या धाग्यांनी ते स्वतःला घट्ट धरून ठेवतात. उचलताना ओढून काढलं तर तिथली ग्रंथी फाटते आणि प्राणी जातो. जागा बदलायची असेल तर खालच्या दगडासकट हलवायचा. म्हणून वाळूवर ठेवतानासुद्धा खाली एक चपटा दगड पुरून ठेवायची सवय मला लागली.

दिव्यांच्या प्रकारांवर फार वेळ घालवत नाही. मेटल हॅलाइडचा प्रकाश सुंदर, पाण्यात लहरींचे कवडसे अगदी समुद्रासारखे, आणि क्लॅम त्याखाली अप्रतिम वाढतात. पण २५० वॅटचा एक दिवा बॅलास्टसकट २८० च्या आसपास वीज खातो. रोज नऊ तास धरले तर महिन्याला ७५ युनिट, आणि ती सगळी उष्णता तुमच्या खोलीत आणि पाण्यात. वर दर नऊ ते बारा महिन्यांनी बल्ब बदलायचा. मित्राला नम्रपणे नाही म्हणा. टी-५ च्या ३९ वॅटच्या चार ट्यूब तीन फुटी टाकीवर बरोबर बसतात, प्रत्येकीला स्वतंत्र रिफ्लेक्टर असला तर प्रकाश इतका सारखा पसरतो की कोरलच्या खालच्या फांद्याही काळवंडत नाहीत. महिन्याला ४२ युनिट. अडचण एकच, चांगल्या निळ्या ट्यूब कोल्हापुरात मिळत नाहीत आणि मागवताना वाटेत फुटतात. ट्यूबशिवाय रंग येत नाही हे मात्र खरं नाही. रंग येतो तो योग्य प्रकाश, फार कमी नाही आणि फार जास्तही नाही असं नायट्रेट-फॉस्फेट आणि स्थिर पाणी यांतून. उरला एलईडी, आणि तुमच्यासाठी तोच.

काळा डबा घ्यायला हरकत नाही. १६५ हा त्यावरचा आकडा, प्रत्यक्षात तो १०० ते १२० वॅटच्या आसपास ओढतो. निळ्या आणि पांढऱ्या चॅनलची दोन वेगळी बटणं असलेला बघून घ्या, पंखा आवाज करत नाही ना हे दुकानातच तपासा. निळा जास्त, पांढरा कमी ठेवा. निळा पाण्यात खोल जातो, शैवाल तो भरपूर वापरतं, आणि कोरलमधली चमकणारी प्रथिनं त्यात उजळून निघतात. मात्र ती चमक बघून प्रकाश पुरेसा आहे असं समजू नका. चमक आपल्या डोळ्यांसाठी आहे, पोट पारवर भरतं. दिवा पाण्यापासून २५ ते ३० सेंटीमीटरवर टांगा. शिवाजी उद्यमनगरात ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळीचा स्टँड मापाने करून मिळतो. लोखंडाचा करू नका, खाऱ्या वाफेनं वर्षभरात गंजाची भुकटी टाकीत पडायला लागते.

लावताना निळा ३० टक्के, पांढरा १० टक्के, दिवसाला सहा तास. दर आठवड्याला पाच टक्के वाढवा आणि तास हळूहळू नऊपर्यंत न्या. मशरूमच्या कडा वर वळायला लागल्या, आक्रसल्या, की दोन पावलं मागे या. झोआच्या दांड्या लांब होऊन माना वर काढायला लागल्या तर प्रकाश कमी पडतोय. तपकिरी पडणं बहुधा कमी प्रकाशाचं किंवा जास्त नायट्रेटचं, फिकट पडणं बहुधा जास्त प्रकाशाचं. बदल केला की तीन आठवडे काही करायचं नाही, नुसतं बघायचं. सॉफ्ट कोरलच्या टाकीत निळा ५० टक्क्यांच्या वर न्यायची वेळ तुमच्यावर बहुतेक येणार नाही.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. जुन्या टाकीचं पाणी पिवळसर होतं, समोरून दिसत नाही, पण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला बघितलं की कळतं. हा पिवळेपणा नेमका निळा प्रकाश गिळतो. कित्येक महिन्यांनी एकदम खूप कार्बन (पाणी स्वच्छ करणारा कोळसा) टाकला की पाणी दोन दिवसांत स्वच्छ होतं आणि कोरलवर अचानक जास्त प्रकाश पडतो. दिव्याला हातही न लावता कोरल भाजतं. मी जुना हॅलाइड बल्ब बदलून नवा लावल्यावर एका आठवड्यात ॲक्रोपोराची अख्खी फांदी पांढरी झालेली बघितली आहे. तोच प्रकार. कार्बन थोडा आणि नियमित वापरा. वरच्या काचेवरची मिठाची साय दर आठवड्याला पुसा, आणि तेही सहा महिन्यांनी एकदा असं करू नका.

आता आपल्या गावाचं. पांढरं पडणं हे प्रकाश आणि उष्णता दोन्हींचं मिळून असतं. १९९८ साली लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडली ती समुद्र तापल्यामुळे. टाकी २५ ते २७ अंशांवर हवी. एप्रिल-मे मध्ये आपली खोली दुपारी ३४ वर जाते. तेव्हा हवा कोरडी असते, म्हणून पाण्यावर तिरपा पंखा लावला की टाकी दोन-तीन अंश सहज उतरते. एक लिटर पाणी उडालं की सुमारे ०.६७ युनिटइतकी उष्णता घेऊन जातं. उडालेलं भरून काढायचं ते आरओच्या पाण्यानं, खाऱ्या नव्हे, कारण मीठ उडत नाही. जुलैत मात्र हवा दमट असते, पंखा फिरतो पण पाणी फारसं उडत नाही. आभाळ आलंय म्हणून निर्धास्त राहू नका, थर्मामीटर बघा. टाकी २९ च्या वर गेली तर त्या दिवसांत लाइट २० टक्क्यांनी उतरवा. दिवा दुपारी लावूच नका. संध्याकाळी चार ते रात्री एक असा दिवस टाकीला दिला तरी कोरलला काही फरक पडत नाही. तुम्ही ऑफिसमधून घरी आल्यावर टाकी बघायला मिळते आणि खोली थंड होत असताना दिवा तापतो.

वळवाच्या पावसात वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरवर दिवा ठेवू नका. कोरल दोन-तीन दिवस अंधारात सहज काढतं, पण पाणी थांबलं तर काही तासांत प्राणवायू संपतो. इन्व्हर्टरवर वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) आणि एअर पंप एवढंच. दिव्याला चांगला सर्ज प्रोटेक्टर लावा, वीज परत येताना ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) जळतात.

आणि दिवा वाढवला की चुना लागतो. लेदर-झोआच्या टाकीत फारसा नाही, पण खडकावरचं गुलाबी कोरलाइन शैवालसुद्धा जास्त प्रकाशात अल्कलिनिटी (पाण्यातला क्षार, ज्यातून चुना बनतो) ओढायला लागतं. पहिले दोन महिने आठवड्यातून एकदा मोजा, आठ-नऊ डीकेएचवर (हे अल्कलिनिटीचं माप) स्थिर ठेवा.

तर काळा डबा घ्या, हॅलाइड परत करा, ॲक्रोपोरा आणि क्लॅमचा बेत सोडा. डबा टांगून झाला की मला कळवा. माझा मीटर रविवारी सकाळी मोकळा असतो. वर सांगितलेले पंचेचाळीस आकडे घ्यायला दीड तास लागेल. त्या दिवशी दिवा सकाळी नऊला लागेल असा टायमर लावून ठेवा, आणि लेदर सध्या कुठं आहे त्याचा फोटो आधी काढून ठेवा.